हे खरे आहे काय?



आम्ही लालबाग-परळच्या चाळींमधल्या बचत गटांचं काम बघतो. आमच्यातल्या बऱ्याच जणींचं माहेर नाहीतर सासर तुमच्याच बाजूला आहे, कोकणात, साताऱ्यात, कोल्हापुरात. गावाला आलो की एक वाक्य हमखास कानावर येतं, "तुमचं बरं आहे बाई, विधान भवन तुमच्या दारात." नरिमन पॉइंट आम्हाला जवळ, हे खरंच. पण आत जायला पास लागतो, आणि पास मिळाला तरी गॅलरीत तोंड मिटून बसायचं. बोलायचा हक्क आमदाराचा.

टीव्हीवर सभागृहातला गोंधळ दिसतो, कागदावर चालतं ते दिसत नाही. आमदार सरकारला लेखी प्रश्न देतो आणि त्या खात्याच्या मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. प्रश्नाला तारा लावला असेल तर तो तारांकित. त्याचं उत्तर मंत्री सभागृहात उभा राहून देतो आणि त्यावर इतरही आमदार उपप्रश्न विचारू शकतात. तारा नसेल तर अतारांकित, त्याचं उत्तर फक्त लेखी. दिल्लीला लोकसभेतही हेच. तिथे एका दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतात. २०२० च्या सप्टेंबरात करोनामुळे संसदेतला प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला, तेव्हाही लेखी उत्तरं चालू राहिली. म्हणजे बिनताऱ्याचा प्रश्न कमी प्रतीचा, असं समजू नका.

एका उत्तराने काय होतं, ते बीडचं उदाहरण घेऊन सांगतो. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात, ही कुजबुज कितीतरी वर्षं होती. पाळीत काम थांबलं की खाडा, खाडा झाला की मुकादम पैसे कापणार, त्यापेक्षा पिशवीच नको. बायका हे आपसात बोलत होत्या. २०१९ च्या जूनमध्ये नीलम गोऱ्हे यांनी विधान परिषदेत हा विषय काढला आणि तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांना उत्तर द्यावं लागलं. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या, असं त्यात निघालं. यातल्या सगळ्याच ऊसतोडीच्या नाहीत, असंही मंत्र्यांनी सांगितलं. पण विषय तिथे थांबला नाही. चौकशीसाठी समिती नेमली गेली. तिच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. बीडमधल्या खासगी दवाखान्यांना हे ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली.

आता बघा, हे ४,६०५ ऑपरेशन दवाखान्यांच्या रजिस्टरात आधीपासून होतेच. त्यांची बेरीज करून सगळ्यांसमोर ठेवायची वेळ प्रश्नामुळे आली.

प्रश्नाचा कागद कसा असतो ते ऐका. आपल्या विधिमंडळात त्याची एक ठरलेली चाल आहे. अमुक ठिकाणी अमुक घडले, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय? उत्तरंही ठरलेली. हे खरे आहे. हे अंशतः खरे आहे. हे खरे नाही. आणि ज्याच्यापुढे आम्ही एकदा हात टेकले, ते 'प्रश्न उद्भवत नाही'.

झालं असं. आमच्या एका गटातल्या बायकांच्या चाळीचा लाकडी जिना टेकूवर उभा. पावसाळ्यात पाण्याची कळशी घेऊन चढायचं म्हणजे जीव मुठीत. दुरुस्तीसाठी एका सरकारी कार्यालयात चार अर्ज झाले. शेवटी आमदारांना टिपण दिलं. आम्ही रागारागात लिहिलं की तीन वर्षांत एकदाही पाहणी झालेली नाही. तसाच प्रश्न गेला. उत्तर आलं, 'हे खरे नाही.' पुढच्या तिन्ही भागांना 'प्रश्न उद्भवत नाही.' का, तर कधीतरी एक इंजिनीअर येऊन खालूनच जिना बघून गेला होता! पाहणी झाली होती, म्हणजे आमचं वाक्य खोटं ठरलं, आणि जिन्याचा विषयच राहून गेला.

दुसऱ्या वेळी शहाण्या झालो. अर्जाची तारीख, आवक क्रमांक, कितव्या मजल्यापर्यंतचा जिना, पाहणी कधी झाली आणि तिचा अहवाल कुठे आहे, एवढंच लिहिलं. 'सरकार झोपलंय' वगैरे काही नाही. उत्तर छापून यायच्या आधीच इंजिनीअर टेप घेऊन दारात हजर. कारण प्रश्न मंत्रालयातून खाली येतो, आणि उत्तराची माहिती खालच्याच माणसाला लिहून द्यावी लागते. तुमच्याकडेही तालुक्याच्या ऑफिसात "विधानसभेचा तारांकित आलाय" म्हटलं की फायली कशा हलतात, विचारून बघा. सभागृहाची दिशाभूल करणारी माहिती दिली तर हक्कभंगापर्यंत प्रकरण जाऊ शकतं, त्यामुळे सही करताना हात जरा थांबतो. उत्तर 'अंशतः खरे' असं आलं. आज पहिल्या मजल्यापर्यंत नवा जिना आहे, वर जुन्याच पायऱ्या. मंत्री सभागृहात 'करतो' म्हणाले की ते तपासायला आश्वासन समिती असते. पण लेखी उत्तरात 'करतो' हा शब्द फार क्वचित सापडतो, 'कार्यवाही सुरू आहे' हाच सापडतो.

आमदार ऐकत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहेच. २००५ च्या त्या कायद्यात मुळात असंही लिहिलं होतं की जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती सामान्य माणसालाही नाकारता येणार नाही. मात्र तिथे उत्तर तुमच्या एकटीच्या हातात येतं. सभागृहातलं उत्तर सगळ्यांसमोर छापलं जातं, त्यावर मंत्र्याचं नाव असतं.

सध्या आमच्या वहीत गिरणी कामगारांच्या घरांचा विषय आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तेव्हा आमच्यातल्या काहीजणी जन्मल्याही नव्हत्या. घरांची पहिली सोडत निघाली २०१२ मध्ये. अर्ज केलेल्या कितीतरी बायका आता विधवा होऊन गावी राहतात. 'घरं कधी देणार' असं विचारलं की 'कार्यवाही सुरू आहे' हे ठरलेलं. म्हणून आम्हाला एवढंच विचारायचं आहे की कागदपत्रांच्या तपासणीची पत्रं कोणत्या पत्त्यावर गेली? गावच्या, की मालकाच्या जुन्या चाळीतल्या खोलीच्या, जिथे आता दुसरंच कुणी राहतं?

तुमच्या गटात अशी कुणी असेल तर अर्जाची तारीख, अर्ज क्रमांक आणि त्यावर लिहिलेला पत्ता आमच्याकडे पाठवा. मूळ कागद पाठवू नका, झेरॉक्स पुरे. पावसाळी अधिवेशनासाठी प्रश्न बरेच दिवस आधी द्यावे लागतात, म्हणून मे महिना संपायच्या आत.