मुळांचा माग (७) : कायद्याने पुसलेला बाप

गेल्या आठवड्यात आपण अमेरिकेतल्या १८७० च्या जनगणनेपाशी थांबलो होतो. गुलामीतून सुटलेली बहुतेक कृष्णवर्णीय माणसं त्या वर्षी पहिल्यांदा नावानिशी दिसतात. त्याआधीच्या, १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव असतं आणि त्याखाली नुसत्या ओळी : वय ३५, पुरुष, काळा. वय १२, स्त्री, काळी. वय ४, पुरुष, मिश्र. त्या चार वर्षांच्या मुलाच्या ओळीवरून माझी नजर हलत नाही.

त्याचा बाप कागदावर येणारच नव्हता. व्हर्जिनिया वसाहतीने १६६२ मध्ये कायदा केला, की मूल गुलाम की मोकळं हे आईवरून ठरेल. मालकापासून गुलाम स्त्रीला झालेलं मूलही गुलामच. बाप असा पुसला गेला. पण मुलगा असेल तर बापाचं वाय गुणसूत्र त्याच्या अंगात होतंच, आणि ते पुढे मुलाकडून नातवाकडे जवळजवळ जसंच्या तसं उतरत राहिलं.

प्रयोगशाळा या गुणसूत्रावर ठरावीक जागी डीएनएची काही अक्षरं लागोपाठ किती वेळा येतात ते मोजते. डीवायएस ३९० या जागी पश्चिम आफ्रिकेत भरपूर असलेल्या ई-एम२ या पितृवंशाच्या गटात बहुधा २१ आवर्तनं मिळतात, पश्चिम युरोपातल्या आर१बी गटात बहुधा २४. अशा अनेक जागांच्या आकड्यांवरून गटाचा अंदाज बांधतात. ई-एम२ निघाला तर बापाची ओळ आफ्रिकेला भिडते. मात्र बांटू भाषकांबरोबर हा गट पार दक्षिण आफ्रिकेपर्यंत गेला, त्यामुळे एवढ्यावरून कुणी एका जमातीचं नाव सांगितलं तर ते मानू नये.

आर१बी हाती येणारेही पुष्कळ आहेत. कृष्णवर्णीय इतिहासकार हेन्री लुईस गेट्स यांची पितृओळ आयर्लंडकडे वळली. १९९८ मध्ये तर राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या घराण्याची अशी तपासणी झाली. जेफरसनना वारस मुलगा उरला नव्हता, म्हणून त्यांच्या काकांच्या पुरुषवंशजांचे नमुने घेतले. ते सॅली हेमिंग्ज या गुलाम स्त्रीचा मुलगा एस्टन याच्या वंशजाशी जुळले. बाप जेफरसनचा भाचा असावा, असं घराणं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलं होतं. भाच्यांची ओळ जुळली नाही. बाप खुद्द जेफरसन, असं हेमिंग्ज कुटुंब घरात जे सांगत आलं, त्याला बळ मिळालं.

निकाल युरोपकडे गेला म्हणून आफ्रिका हातची गेली असं समजू नका. दहा पिढ्या मागे १,०२४ पूर्वजांच्या जागा असतात आणि वाय त्यांतल्या एकाचीच बातमी देतं. आईच्या वडिलांची ओळ हवी असेल तर मामाची लाळ तपासा, मामा नसेल तर मामेभावाची. वडिलांच्या आईचा माहेरवंश हवा असेल तर तिच्या भावाच्या मुलाकडे जा. हे म्हातारे आहेत तोवरच जा.