‘आर.ई.एम.’चे शांत वळण : एका स्वतंत्र बँडच्या अकूस्टिक ध्वनीचा अर्थ

प्रस्तावना :
एखादा रॉक बँड विद्युत गिटारचा कल्लोळ सोडून अकूस्टिक वाद्यांकडे वळला, की त्याची दोन ठरावीक कारणे सांगितली जातात : वय वाढले अथवा बाजाराशी तडजोड झाली. अमेरिकेतील ‘आर.ई.एम.’ या बँडचे १९९१-९२ मधील वळण या दोन्ही स्पष्टीकरणांत बसत नाही. त्या वळणाची कारणे व परिणाम यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी :
जॉर्जिया राज्यातील अथेन्स या विद्यापीठाच्या गावी १९८० मध्ये मायकेल स्टाइप (गायन), पीटर बक (गिटार), माइक मिल्स (बेस) आणि बिल बेरी (ड्रम) एकत्र आले. १९८३ ते १९८७ या काळात ‘आय.आर.एस.’ या स्वतंत्र कंपनीतर्फे त्यांचे पाच अल्बम निघाले. विद्यार्थ्यांनी चालविलेल्या महाविद्यालयीन नभोवाणी केंद्रांनी त्यांना श्रोते मिळवून दिले. १९८८ मध्ये त्यांनी ‘वॉर्नर ब्रदर्स’ या बड्या कंपनीशी करार केला आणि १९८९ मध्ये दीर्घ जागतिक दौरा केला. ‘स्वतंत्र’ या शब्दाचा व्यावसायिक अर्थ येथे संपला. कलात्मक अर्थ उरला होता काय, हा खरा प्रश्न होय.

वाद्यांची अदलाबदल :
‘ग्रीन’ (१९८८) या अल्बममध्येच मॅन्डोलिनचा वापर सुरू झाला होता. ‘आउट ऑफ टाइम’च्या (१९९१) वेळी हा बदल अधिक व्यापक झाला. बक यांनी विद्युत गिटार बाजूला ठेवून मॅन्डोलिन हाती घेतले, काही गाण्यांत बेरी बेस वाजवू लागले, तर मिल्स ऑर्गनकडे वळले. हात सरावलेले वाद्य सुटले, की सवयीच्या चालीही सुटतात. त्यामुळे हा बदल केवळ आवाजाच्या पातळीचा नव्हता, तर रचनापद्धतीचा होता.

यामागील ध्वनिविचारही लक्षात घेण्याजोगा आहे. विकृत केलेला विद्युत गिटारचा स्वर दीर्घकाळ टिकतो आणि मानवी आवाजाचा स्वरपट्टा व्यापून टाकतो. मॅन्डोलिनचा स्वर मात्र छेडताच उमटतो व लगेच विरतो. त्या मोकळ्या जागेत शब्द ऐकू येतात. आरंभीच्या अल्बममध्ये स्टाइप यांचे शब्द अस्पष्ट असत. आता गायन अग्रभागी आले.

आक्षेप व परीक्षण :
‘लूझिंग माय रिलिजन’ हे मॅन्डोलिनप्रधान गाणे अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत चौथ्या क्रमांकावर पोहोचले, म्हणून बदल बाजारासाठीच होता, असे म्हणता येईल. तथापि, बँडने या अल्बमसाठी दौरा केला नाही. त्यानंतरचा ‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’ (१९९२) तर अधिकच संथ असून मृत्यू व वियोग हे त्याचे प्रमुख विषय आहेत. त्यातील चार गाण्यांसाठी ‘लेड झेपेलिन’चे जॉन पॉल जोन्स यांनी तंतुवाद्यांचे संयोजन केले. ‘नाइटस्विमिंग’मध्ये तर गिटारही नाही आणि ड्रमही नाही. या अल्बमसाठीही दौरा झाला नाही. भव्य प्रेक्षागृह भरण्याचे बंधन नसल्यामुळेच अशी गाणी रचता आली, असे म्हणण्यास आधार आहे.

वयाचे स्पष्टीकरणही टिकत नाही. १९९४ च्या ‘मॉन्स्टर’मध्ये तोच बँड कर्कश विद्युत गिटारकडे परतला आणि १९९५ मध्ये पुन्हा दौऱ्यावर निघाला.

समारोप :
येथे एक मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. दौरा न करण्याची मुभा या बँडला पूर्वीच्या दौऱ्यांतून मिळालेल्या कीर्तीमुळे आणि बड्या कंपनीच्या पाठबळामुळे लाभली. लहान बँडला ती सहसा परवडत नाही. म्हणजेच येथे कलात्मक स्वातंत्र्य व्यावसायिक स्वातंत्र्य सोडल्यानंतर विस्तारले, हा विरोधाभास दुर्लक्षिता येत नाही. २०११ मध्ये बँड विसर्जित झाला. त्याच्या या दोन अल्बमवरून एवढे निश्चित म्हणता येते, की शांत ध्वनी म्हणजे माघार नव्हे. कोणी कोणते वाद्य, कोणत्या जागेसाठी वाजवायचे, हे नव्याने ठरविण्याची ती एक रीत आहे. लोकप्रिय संगीताच्या अभ्यासकाने आवाजाच्या पातळीआधी हीच बाब तपासावयास हवी.