वरच्या दाढेचं इम्प्लांट आणि सायनस लिफ्ट

खालच्या दाढेचं इम्प्लांट बिनबोभाट पार पडलेलं असतं. वरच्या दाढेसाठी गेलं की डॉक्टर स्कॅन बघून म्हणतात, "इथे हाड कमी आहे, आधी सायनस लिफ्ट करावं लागेल." दाताच्या कामात सायनस आला कुठून?

हाड जातं कुठे?

नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालाच्या आत, हवेची एकेक पोकळी असते, तीच सायनस. वरच्या दाढांची मुळं तिच्या तळाला जवळजवळ टेकलेली असतात. दाढ काढली की हिरडीच्या बाजूने हाड झिजतं आणि वरून सायनसचा तळ खाली सरकतो. इम्प्लांटला साधारण ८ ते १० मिलिमीटर उंचीचं हाड लागतं. काही वर्षांनी तिथे ३-४ मिलिमीटरच उरलेलं आढळतं. मागची दाढ हसताना दिसत नाही, म्हणून 'बघू नंतर' होतं आणि हिशेब बिघडतो.

दोन वाटा

हाड ५-६ मिलिमीटरच्या पुढे असेल तर इम्प्लांटसाठी केलेल्या छिद्रातूनच तळ हलकेच वर ढकलता येतो. ही पद्धत अमेरिकी दंतवैद्य रॉबर्ट समर्स यांनी १९९४ मध्ये मांडली.

हाड त्याहून कमी असेल तर बाजूने खिडकी पाडतात. अमेरिकेतच हिल्ट टेटम यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत वापरात आणली; बॉइन आणि जेम्स यांचा त्यावरचा लेख १९८० मध्ये आला. भूल फक्त त्या जागेपुरती. हिरडी बाजूला करून हाड हळूहळू घासत जातात. ते पातळ झालं की सायनसचं आतलं अस्तर निळसर दिसू लागतं, आणि खिडकी उघडल्यावर रुग्णाच्या श्वासाबरोबर ते वरखाली होतं. अंड्याच्या कवचाखालच्या पापुद्र्यासारखं हे अस्तर न फाडता उचलायचं, यातच सगळी कसोटी. फाटणं हीच या शस्त्रक्रियेतली सगळ्यात नेहमीची अडचण. लहान फट कोलॅजनच्या पडद्याने झाकतात. मोठी असेल तर शहाणा सर्जन तिथेच थांबतो आणि काही महिन्यांनी पुन्हा बघतो.

आत भरतात काय?

अस्तर उचलून त्याखाली झालेल्या जागेत भरतात ते रुग्णाचं स्वतःचं हाड, मानवी दात्याचं हाड, प्रक्रिया केलेलं गाईबैलाचं हाड किंवा कृत्रिम कण. जनावराच्या हाडाचा वापर जगभर भरपूर होतो आणि त्यावर अभ्यासही पुष्कळ झाला आहे. पण आपल्याकडे अनेक घरांत हा श्रद्धेचा प्रश्न आहे. डॉक्टरांनी हे आपणहून सांगायला हवं. नाही सांगितलं तर संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारा. कृत्रिम पर्याय मिळतो.

भरलेल्या जागी हाड तयार व्हायला साधारण ६ ते ९ महिने लागतात. मूळचं हाड इम्प्लांट घट्ट धरण्याइतकं असेल तर ते त्याच बैठकीत बसवतात आणि मधली एक शस्त्रक्रिया वाचते.

पहिले पंधरा दिवस

नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर दाबायची नाही, तोंड उघडं ठेवून शिंकायचं. स्ट्रॉ बंद. कपालभाती, जलनेती बंद, आणि आरतीला शंख दुसऱ्याने फुंकावा. गालावर सूज, नाकातून किंचित रक्त हे चालतं. नाकातून पांढरे कण किंवा दुर्गंधीयुक्त स्राव आला तर लगेच डॉक्टरांना गाठा. तंबाखू, सिगारेट, मिश्री चालू ठेवून हे काम करून घेणं म्हणजे पैसे धोक्यात घालणं. मधुमेह आटोक्यात हवा, आणि सायनसचा जंतुसंसर्ग असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे.

लिफ्ट न करता

सहा मिलिमीटर हाड असेल तर आखूड इम्प्लांट काही जणांना पुरतं. शेजारचे दात भक्कम असतील तर ब्रिज, नाहीतर काढता-घालता येणारी कवळी. आणि गेलेली दाढ अगदी मागची असेल, नीट चावता येत असेल, तर काहीच न करणंही चालतं. फक्त समोरची खालची दाढ वर सरकत नाही ना, हे अधूनमधून तपासून घ्यावं लागतं.