संदर्भनोंदीची आज्ञावली आणि ग्रंथकाराचे नाव

शोधनिबंधाच्या शेवटी ग्रंथसूची जोडण्याचे किचकट काम संगणकाकडे सोपविण्याच्या सोयी आता अनेक आहेत. त्यांतील ‘बिबटेक’ ही आज्ञावली ओरेन पाताश्निक यांनी १९८५ साली सिद्ध केली व ती अद्याप प्रचारात आहे. ‘लाटेक’ या अक्षरजुळणीच्या पद्धतीबरोबर ती चालते. तिला चित्रे नाहीत की बटणे नाहीत. पडद्यावर तिचे नाव टंकित करावयाचे, एवढेच. मराठीसाठी मात्र तिच्याहून ‘बायबर’ बरी. कारण तिला युनिकोड, अर्थात देवनागरी, उमजते.

कार्यपद्धती सोपी आहे. प्रत्येक ग्रंथाचा कर्ता, नाव, स्थळ व वर्ष यांची नोंद एका साध्या फाइलीत एकदाच करावी आणि तिला एक खूणशब्द द्यावा. निबंध लिहिताना योग्य जागी तो खूणशब्द तेवढा घालावा. मग आज्ञा होताच उल्लेखिलेले ग्रंथ निवडले जाऊन सूची तयार होते. नियतकालिकाची मांडणी निराळी असली तर शैलीचे नाव बदलले की पुरते.

परंतु यंत्र नोंद पडताळून पाहत नाही, आणि गोमंतकात नेमकी तेथेच अडचण आहे. आमचे पेडणे व डिचोली पोर्तुगीज कागदपत्रांत ‘पेर्नें’ आणि ‘बिशोलीं’ होऊन बसतात, माणसांचेही तसेच. इतिहाससंशोधक पां. स. पिसुर्लेकर यांचा भारतातील पोर्तुगीज राजनयाच्या हस्तकांविषयीचा पोर्तुगीज ग्रंथ १९५२ साली बस्तोडा येथे छापला गेला. त्यावर आडनाव ‘पिस्सुर्लेंकार’ असे. ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ या १९६७ च्या मराठी ग्रंथावर ते पिसुर्लेकर. दोन्ही रूपे जशीच्या तशी नोंदविली की यंत्राच्या लेखी ग्रंथकार दोन झाले! मराठी नाव शोधणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांचे पोर्तुगीज लेखन दिसतच नाही, म्हणजे पिसुर्लेकरांचा अर्धा व्यासंगच त्याच्या दृष्टीआड होतो. म्हणून कर्त्याच्या रकान्यात सर्वत्र एकच रूप ठेवावे आणि मुखपृष्ठावरील रूप टीपेच्या रकान्यात द्यावे.

आवृत्तीविषयीही हीच दक्षता हवी. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ प्रथम १६१६ साली राचोल येथे छापले गेले. सालढाणा यांची १९०७ ची मंगळूर आवृत्ती रोमन लिपीत आहे, तर बंडेलू यांची १९५६ ची देवनागरीत. आवृत्ती न सांगता नुसता पृष्ठांक दिला तर वाचकाने कोणते पान उघडावे? अशा ग्रंथाच्या प्रत्येक आवृत्तीची नोंद व खूणशब्द स्वतंत्र असावेत, आणि उताऱ्यासाठी पृष्ठांकाऐवजी अवस्वरू व ओवी यांचे क्रमांक द्यावेत.