रबराचा एवढासा तुकडा
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. यंत्राचं ज्ञान म्हणाल, तर उतरलेली सायकलची चेन बसवता येते, इतकंच. त्यामुळे मोटारीच्या मागच्या बाजूला असणाऱ्या रबरी बुशवर मी भाषण करणार आहे, असं सांगितल्यावर घरातले सगळे हसले. पण गेल्या पावसाळ्यात या तुकड्यानं मला चांगलंच घाबरवलं आणि त्या निमित्तानं जे कळलं, ते जुनी गाडी वापरणाऱ्या पुष्कळांच्या उपयोगी पडेल असं वाटतं.

झालं असं. आम्ही साताऱ्याला राहतो. श्रावणातल्या एका रविवारी अम्मीला घेऊन कासला गेलो होतो. परतताना यवतेश्वरचा घाट उतरत होतो. भुरभुर पाऊस होता, वेगही फार नव्हता. एका वळणावर स्टिअरिंग फिरवलं, गाडीचं पुढचं अंग वळलं. पण मागचं अंग किंचित उशिरानं आलं आणि जरा जास्तच आलं. स्टिअरिंग सरळ केलं तर ते दुसऱ्या बाजूला गेलं. बैलगाडीच्या मागं बांधलेलं वासरू कसं ओढत येतं, तसं. मागच्या सीटवरून अम्मी म्हणाली, "हळू चालव की रे." मी म्हटलं, "अम्मी, हळूच चालवतोय." ते खरंही होतं आणि म्हणूनच भीती वाटली.

भीतीचं कारण आणखी एक. अम्मीच्या पाठीच्या मणक्याचं दुखणं आहे. दर महिन्याला तिला मिरजेच्या डॉक्टरांकडे न्यावं लागतं. साताऱ्याहून कराड, पेठ नाका, आष्टा, सांगली करत मिरज म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या वर. गाडी वळणावर अशी वागणार असेल, तर तिला त्या गाडीत बसवायचं कसं?

पुण्याला मोटारींच्या कामात असलेल्या भाच्याला फोन केला. तो लगेच म्हणाला, "मामू, मागचे बुश गेलेत. आता रबराचे टाकूच नका. पीयूचे टाका, गाडी रुळावरून चालल्यासारखी चालेल." पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. मला पटलं. नवं आणि जास्त कडक, म्हणजे जास्त चांगलं, असा आपला सरळ हिशेब असतो. पण आमच्या इथल्या मिस्त्रींकडे गाडी नेली तेव्हा त्यांनी आधी एकच प्रश्न विचारला, "कविराज, गाडी घाटात पळवायचीय, का आईंना मिरजेला न्यायचंय?" या प्रश्नात सगळा विषय आला. तो नीट समजायला आधी बुश करतो काय, ते पाहू.

दाराला बिजागरी असते. तिच्यामुळे दार उघडतं, मिटतं, पण वर-खाली होत नाही. मोटारीच्या चाकालाही अशीच बिजागरी लागते. खड्डा आला की चाकानं वर-खाली व्हावं, पण डावीकडे-उजवीकडे किंवा तिरकं होऊ नये. ही बिजागरी लोखंडाला लोखंड लावून केली, तर रस्त्यावरचा प्रत्येक खडा आपल्या हाडांपर्यंत येईल. बैलगाडीतून जत्रेला गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून सांध्यात रबर घालतात. एक लहान लोखंडी नळी, तिच्याभोवती रबर, त्याबाहेर मोठी नळी. रबर दोन्ही नळ्यांना पक्कं चिकटवलेलं असतं. हा झाला बुश. काही मिस्त्री त्याला 'सायलेंट ब्लॉक' म्हणतात. आवाज शांत करणारा ठोकळा, हे नाव त्याच्या कामाला शोभतं. जुन्या अ‍ॅम्बॅसॅडरला किंवा जीपला मागे पाटे असायचे आणि त्या पाट्यांच्या डोळ्यांत बुश असायचे. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे एक आडवी लोखंडी तुळई असते. तिच्या दोन्ही टोकांपासून दोन हात पुढे येतात आणि प्रत्येक हात एकेका बुशनं गाडीच्या सांगाड्याला जोडलेला असतो. गाडीचं वजन स्प्रिंगवर असतं हे खरं, पण मागची चाकं कोणत्या दिशेला तोंड करून राहतील, हे मुख्यतः या दोन बुशवर ठरतं.

आता वळणावर काय होतं पाहा. वळताना रस्ता टायरला वळणाच्या आतल्या बाजूला ढकलतो, तेव्हाच गाडी वळते. मागची चाकं बुशच्या मागे असतात. त्यामुळे हा जोर सगळ्या तुळईलाच किंचित फिरवू पाहतो. बुशचं रबर जितकं दबेल तितकी ती फिरते आणि मागची चाकं वळणाच्या बाहेर तोंड करतात. म्हणजे आपण न सांगता मागची चाकंही थोडं स्टिअरिंग मारतात आणि तेही उलट्या बाजूला. रबर धड असेल तर हे इतकं थोडं असतं की कळतही नाही. रबर फाटलं की ते हाताला आणि पोटाला कळतं. घाटात मला जाणवलं ते हेच होतं.

मग रबर कडकच का करत नाहीत? मिस्त्रींनी जुना बुश हातात दिला आणि त्यातल्या खाचा दाखवल्या. मला वाटलं, तिथलंच रबर गळून पडलं. ते हसले. त्या खाचा कारखान्यातूनच ठेवलेल्या असतात. ज्या दिशेला खाच, त्या दिशेला बुश मऊ. जिथे रबर भरीव, तिथे कडक. चाक खड्ड्यात आपटलं की त्याला किंचित मागे सरकू द्यायचं, म्हणजे धक्का आत येत नाही. आडव्या दिशेला मात्र सोडायचं नाही. म्हणून बुश बसवताना त्याची दिशाही चुकवून चालत नाही. बनवणाऱ्यानं कुठे ढिलं सोडायचं आणि कुठे धरायचं, याचा विचार एवढ्याशा तुकड्यात केलेला असतो. काही गाड्यांत तर बुशच तिरके बसवतात, म्हणजे मघाशी सांगितलेलं उलटं फिरणं आपोआप कमी होतं.

नैसर्गिक रबर तसं लहरी. उन्हाळ्यात चिकट, थंडीत ठिसूळ. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाला १८३९ मध्ये ते गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची युक्ती सापडली. पॉलियुरेथेन त्यामानानं अलीकडचं. जर्मनीत ओटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये ते तयार केलं. अशा पदार्थांचा कडकपणा आल्बर्ट शोर या अमेरिकन माणसाच्या नावाच्या मापानं मोजतात. त्यातल्या 'ए' मापावर गाडीच्या बुशचं रबर साधारणपणे ५० ते ६५ भरतं, तर पीयू ७० ते ९५ पर्यंत जातं. आमच्या घरच्या बोलीत 'शोर' म्हणजे गलका. गंमत अशी की, बुशचा शोर वाढला की गाडीतला शोरही वाढतो!

हे का होतं, ते मला मिरजेमुळे समजलं. मिरजेत तंबोरे करणाऱ्यांकडे जाऊन बसायची मला जुनी सवय आहे. तंबोऱ्याच्या तारा घोडीवरून जातात. घोडी कडक असते, म्हणून तारेचं कंपन पुरेपूर भोपळ्यात उतरतं आणि भोपळा घुमतो. मोटारीत आपल्याला नेमकं उलटं हवं असतं. चाकाचं कंपन सांगाड्यात उतरू नये, म्हणून मध्ये रबर. तिथे कडक पीयू घातलं की आपण घोडी बसवली आणि गाडीचा भोपळा केला. गाडी वळणावर चोख चालते, स्टिअरिंग फिरवताच मागचं अंग सोबत येतं, हे खरं. पण रस्त्याची खरखर, टायरची घरघर आणि खड्ड्याचा दणका हेही सगळं आत येतं.

आणखी एक फरक आहे. रबर दोन्ही नळ्यांना चिकटलेलं असल्यामुळे चाक वर-खाली होताना ते पिळतं आणि परत जागेवर येतं. तिथे काही घासत नाही. पीयूच्या बहुतेक बुशमध्ये आतली नळी मोकळी फिरते. त्यामुळे ग्रीस लागतं. ग्रीस संपलं, चिखलाचं पाणी शिरलं की कुईकुई सुरू. शिवाय एक चाक वर आणि दुसरं खाली असतं, तेव्हा तुळई पिळते आणि बुशला थोडं तिरकंही व्हावं लागतं. फार कडक बुश हे होऊ देत नाही. तो ताण मग सांगाड्यावरच्या ब्रॅकेटवर जातो. शर्यतीच्या गाड्यांना अनेकदा रबर काढून धातूचे सांधेच बसवतात. तिथे गुळगुळीत रस्ता असतो आणि मागच्या सीटवर कोणाची अम्मी बसलेली नसते.

माझे बुश लवकर का फाटले, हेही त्या दिवशी कळलं. त्याला दोन कारणं होती आणि त्यातलं एक मीच होतो. बुश दोन वर्षांपूर्वीच दुसऱ्या एका गॅरेजमध्ये बदलले होते. त्यांनी गाडी जॅकवर असताना, चाकं लोंबकळत असतानाच बोल्ट आवळले. बोल्ट आवळला की आतली नळी त्या स्थितीत पक्की होते. मग गाडी जमिनीवर उतरवली की हात वर जातो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं. उभ्या गाडीतही त्याला विसावा नाही. खड्ड्यात ते आणखी पिळतं आणि काही महिन्यांत फाटतं. बरोबर पद्धत अशी की, बोल्ट आधी नुसते लावायचे, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्यायचं आणि मगच सांगितलेल्या मापानं शेवटचं आवळायचं. दहा मिनिटांचं काम, पण त्यावर बुशचं आयुष्य ठरतं.

दुसरं कारण म्हणजे डिझेलचा फवारा. गाडी धुतली की खालून डिझेल किंवा जुनं ऑइल मारायची आपल्याकडे पद्धत आहे. पत्रा गंजू नये म्हणून मी दर वेळी आवर्जून पैसे देऊन मारून घ्यायचो. पण डिझेलनं नैसर्गिक रबर फुगतं, मऊ पडतं आणि फाटतं. म्हणजे एका हातानं पत्रा वाचवत होतो आणि दुसऱ्या हातानं बुश मारत होतो. खालून स्वच्छ पाण्यानं धुवावं, गंजरोधक लेप द्यायचा तर रबर झाकून द्यावा.

आपले बुश गेलेत का, हे कसं ओळखायचं? गतिरोधकावर मागून 'खट्' असा आवाज येतो. ब्रेक लावला की मागचं अंग एका बाजूला सरकल्यासारखं वाटतं. मागची टायर एका कडेनं झिजतात. अलाइनमेंटच्या कागदावर मागच्या चाकांचे आकडे चुकीचे येतात. पुष्कळ छोट्या गाड्यांत मागच्या चाकांना अलाइनमेंटचा स्क्रूच नसतो. त्यामुळे तिथले आकडे बिघडले तर बुशकडे किंवा वाकलेल्या तुळईकडे पाहावं. खात्री करायची तर गाडी वर घेऊन टॉमीनं हात हलवून बघायला सांगावं; रबरातली भेग तेव्हा तोंड उघडते. आणि बुशला हात लावण्याआधी टायरची नक्षी, हवा आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर तपासून घ्यावेत. गाडी घसरायला ही कारणंही पुरतात. बुश बदलायचे तर दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत आणि ते दाबून बसवायला प्रेस असलेलं गॅरेज बघावं. हातोड्यानं ठोकलेला बुश बसतानाच जखमी होतो.

मी शेवटी रबराचेच नवे बुश घातले, कंपनीच्या मापाचे. बोल्ट चाकांवर वजन देऊन आवळले, ते मी समोर उभं राहून पाहिलं. मग एकटाच यवतेश्वरच्या घाटात जाऊन आलो. गाडी पुन्हा एकजीव झाली होती. मला जी सुधारणा वाटत होती, ती खरं तर गाडी मुळात जशी होती तशी परत मिळणं, एवढीच होती.

भाच्याचं म्हणणं चूक होतं का? नाही. त्यानं स्वतःच्या गाडीला पीयूचे बुश घातलेत आणि तो खूश आहे. तो तरुण आहे, बहुतेक वेळा एकटा असतो, त्याला वळणं घेण्यात आनंद आहे. ग्रीसही तो आठवणीनं भरतो. त्याच्यासाठी ते बरोबर आहे. कडक बुश चांगला की मऊ, याला एकच उत्तर नाही. कोण बसणार आणि कुठल्या रस्त्यानं जाणार, हे सांगितल्याशिवाय मिस्त्रीही उत्तर देऊ शकत नाही. आमच्या मिस्त्रींनी तो प्रश्न आधी विचारला, हे त्यांचं मोठेपण.

पुढच्या महिन्यात अम्मीला घेऊन मिरजेला निघालो. पेठ नाक्याला वळलो तेव्हा ती सुनेशी बोलत होती. थोड्या वेळानं मागचं बोलणं थांबलं. आरशात पाहिलं, तर ती खिडकीला डोकं टेकून झोपली होती. आष्टा गेलं, सांगली आली, तरी जागी झाली नाही. मिरजेत गाडी थांबवली तेव्हा डोळे उघडून म्हणाली, "आलं पण? आज रस्ता चांगला केलाय वाटतं."

रस्ता तोच होता. मी तिला काही सांगितलं नाही.