काचेतले इंधन : घरगुती जेल मेणबत्तीचा उद्योग

जेल मेणबत्तीत मेणाचा अंशही नसतो. पेट्रोलियमपासून शुद्ध करून काढलेले रंगहीन, गंधहीन खनिज तेल, म्हणजे बाळांच्या मालिशीच्या तेलात आणि औषधी लिक्विड पॅराफिनमध्ये जे असते तेच, हे तिचे इंधन असून त्यात वजनाने थोडेसे बहुवारिक, म्हणजे पॉलिमर, विरघळवलेले असते. या पॉलिमरच्या लांब रेणूंचा मधला भाग रबरासारखा असल्यामुळे तेलात सहज मिसळतो, पण दोन्ही टोके स्टायरीनची असल्याने ती तेलापासून फटकून राहतात आणि थंड होताना एकमेकांना चिकटून गाठी बांधतात. अशा असंख्य गाठींनी विणलेल्या जाळ्यात तेल अडकून पडते आणि वाहणाऱ्या द्रवाचा लवचीक, काचेसारखा स्वच्छ घट्ट पदार्थ बनतो. उष्णता दिली की गाठी सुटतात, निवले की पुन्हा बसतात, म्हणून बिघडलेला घाणा फेकावा लागत नाही, तो पुन्हा वितळवता येतो. अमेरिकेतील पेनरेको या कंपनीला अशा पारदर्शक जेल मेणबत्तीचे पेटंट १९९९ साली मिळाले आणि पुढे तयार जेल डब्यांतून विकले जाऊ लागल्यावर हा धंदा स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत येऊन पोहोचला. जिलेटिन आणि पाणी यांपासून जेल बनवण्याच्या ज्या कृती अधूनमधून फिरत असतात, त्यांचा येथे काहीही उपयोग नाही, कारण पाण्याने भरलेला पदार्थ वातीला इंधन पुरवू शकत नाही.

शिकणाऱ्याला पहिली अडचण येते ती तापमानाची. साधे पॅराफिन मेण साठ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळत असल्यामुळे उकळत्या पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवण्याची नेहमीची रीत त्याला पुरते, परंतु जेल ओतण्याइतके पातळ होण्यासाठी नव्वद ते शंभर अंशांच्या घरात जावे लागते, आणि पाण्याच्या वाफेवर ते चिवटपणे अर्धवट मऊ होऊन बसते. त्यामुळे मंद, नियंत्रित आचेवर जाड बुडाचे भांडे आणि भांड्याच्या कडेला लावलेला थर्मामीटर, ही जोडी अपरिहार्य ठरते. तापमान फार चढू दिले तर जेल पिवळसर पडते, सुगंध उडून जातो आणि पुढे तर प्रश्न तळणीच्या तेलासारखा होतो : पेटलेल्या जेलवर पाणी ओतणे हा सर्वांत घातक उपाय आहे, म्हणून भांड्यावर बसेल असे झाकण हाताशी ठेवूनच आच पेटवायची असते. सांडलेले जेल कातडीला चिकटून राहत असल्याने भाजण्याची इजाही मेणापेक्षा खोल होऊ शकते. उरलेले जेल मोरीत ओतणे म्हणजे नळी तुंबवणे होय.

बुडबुडे हा पदार्थाचा स्वभावच आहे, कारण इतक्या दाट द्रवात अडकलेली हवा वर चढायला वेळ लागतो. ग्लास आधी कोमट करून घेणे, ढवळताना हलका हात ठेवणे आणि गरम जेल कडेने सावकाश ओतणे या तीन सवयींनी ते बरेच कमी होतात. मात्र काही ग्राहकांना तेच बुडबुडे सोड्याच्या पेल्यासारखे आवडतात, त्यामुळे ते दोष मानायचे की शोभा, हे विक्रेत्याने मालाकडे पाहून ठरवावे.

सुगंध आणि वात या दोन्ही बाबतींत मेणबत्तीचा जुना अनुभव दिशाभूल करतो. साबणासाठी किंवा अगरबत्तीसाठी मिळणारे अनेक सुगंध खनिज तेलात विरघळत नाहीत. त्यांचे थेंब वेगळे राहून जेल गढूळ करतात आणि जळताना त्या थेंबांशी ज्वाला अचानक भडकू शकते. म्हणून एक भाग सुगंध आणि तीन भाग खनिज तेल काचेच्या बाटलीत हलवून मिश्रण स्वच्छ राहते की नाही हे पाहण्याची परीक्षा रूढ झाली, आणि सुगंधाचा ज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते तो बिंदू, सुमारे ७७ अंशांच्या वर असावा असा दंडक पडला. रंगही तेलात विरघळणाराच हवा आणि तोही सुईच्या टोकाइतका; मुलांच्या खडूंचे रंगकण वातीत अडकून ज्योत मंदावतात. वातीवर मेणाचा लेप असला तर ते मेण जेलमध्ये उतरून धुरकटपणा आणते, म्हणून ती आधी वितळलेल्या जेलमध्येच बुडवून घेतात.

मेण स्वतःचा आकार धरून उभे राहते. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत नवसासाठी मेणाचे हात, पाय आणि घरे विकली जातात ती त्या गुणामुळेच. जेलला हा आधार नाही. ते सदैव भांड्यावर अवलंबून असते, त्यामुळे या वस्तूत काच हा वेष्टनाचा नव्हे तर यंत्राचा भाग होतो. पातळ, अरुंद तोंडाचा किंवा उंच दांड्याचा ग्लास दिसायला मोहक असतो, पण पहिला उष्णतेने तडकतो, दुसऱ्यात ज्योत काचेला भिडते आणि तिसरा धक्क्याने कलंडतो. अमेरिकेत अशाच दोषांमुळे काही जेल मेणबत्त्या बाजारातून परत मागवाव्या लागल्या. शिंपले, काचमणी, वाळू यांसारखे न जळणारे पदार्थच आत घालावेत आणि तेही वातीपासून दूर. सुकी फुले, प्लॅस्टिकचे मासे, लाकडी बाहुल्या यांची आरास दुकानात हमखास दिसते, आणि तरीही ती चूकच आहे. शिंपल्याच्या पोकळीतील हवा बुडबुड्यांची रांग सोडते, म्हणून तो आधी गरम जेलमध्ये बुडवून मग मांडतात.

विक्रीची खरी गुंतागुंत येथूनच निघते : जेल मेणबत्ती बहुधा पेटवण्यासाठी नव्हे तर पाहण्यासाठी विकत घेतली जाते, आणि विक्रेता तिला शोभेची वस्तू म्हणून सजवतो, तर प्रत्यक्षात ती इंधनाने भरलेला पेला असते. म्हणून नवा ग्लास, नवी वात किंवा नवा सुगंध आला की प्रत्येक जोडीचा एक नमुना शेवटपर्यंत, दरवेळी काही तास, जाळून पाहण्याला पर्याय नाही. हे नमुने, फुटलेले ग्लास, वेष्टन आणि स्वतःची मजुरी किमतीत धरण्याचे घरगुती उत्पादक सर्रास टाळतात, आणि दिवाळीच्या गर्दीत भरपूर विकूनही हाती फारसे काही राहत नाही. उन्हाळ्यात तर माल मऊ पडून तेल सुटण्याचा धोका असल्याने दूरच्या शहरात तो पाठवणे जोखमीचे ठरते.

मेणबत्ती लघुउद्योगांसाठी राखीव वस्तूंच्या यादीत दीर्घकाळ होती; २०१५ मध्ये उरलेल्या वीस वस्तूंवरील आरक्षण उठले त्यांत लोणची आणि अगरबत्त्यांबरोबर मेणाच्या मेणबत्त्याही होत्या. आज लहान उत्पादकाला उद्यम नोंदणी घेता येते, महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात बचतगटांना जागा मिळते, आणि वेष्टनबंद मालावर कमाल किरकोळ किंमत, निव्वळ वजन, उत्पादकाचे नाव-पत्ता, निर्मितीचा महिना व वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क हे छापणे वैध मापनशास्त्राच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. वात पाच-सहा मिलिमीटरवर कापावी, तळाशी बोटभर जेल उरले की विझवावी आणि विझवताना पाणी ओतू नये, या तीन ओळी मात्र उत्पादकाने स्वतःहूनच वेष्टनावरच्या चिठ्ठीवर छापायच्या असतात.