प्रमाणपत्र वाचावयाचें कोणीं?

सन २०२५ च्या फेब्रुवारींतील गोष्ट. शिवनेरीच्या पायथ्याशीं वसलेल्या आमच्या जुन्नर गांवांत शिवजयंतीचा उत्सव नुकताच आटोपला होता. त्याच महिन्याच्या १४ तारखेस छत्रपति संभाजीमहाराजांच्या जीवनावरील ‘छावा’ हा हिंदी चित्रपट प्रकाशित झाला होता. त्यावेळीं आमच्या घरांत दुसरा विषय म्हणून नव्हता. घरीं दोघे चिरंजीव, दोघी सुना, आणि सहा, अकरा व पंधरा वर्षांचीं तीन नातवंडें. आंबेगांव तालुक्यांतील मंचरचे आमचे व्याहीहि निघाले. सर्वांनीं मिळून पुण्यास जावयाचें ठरलें.

धाकट्या सूनबाईंनीं जाहिरात पाहून हळूच विचारलें, “बाबा, यावर यूए १६+ असें लिहिलें आहे. धाकट्याला न्यायचें ना?”

मीं ऐटींत उत्तर दिलें, “आपल्याच राजाची कथा ही. तिला वयाची अट कसली?” पस्तीस वर्षें मुलांस संस्कृत शिकविलेल्या माणसाचें उत्तर, त्यापुढें कोण बोलणार?

चित्रपटाच्या अखेरीस महाराजांचा जो अनन्वित छळ दाखविला आहे, तो सुरू होतांच धाकट्यानें आईच्या कुशींत तोंड लपविलें. पुढें तीन-चार रात्री तो दचकून उठे. एके दिवशीं संध्याकाळीं देवापाशीं दिवा लागल्यावर त्यानें मला विचारलें, “आजोबा, त्यांना सोडवायला कुणीच कां नाहीं आलं?” मला उत्तर सुचलें नाहीं. थोरल्या नातवानें मात्र त्याच आठवड्यांत कपाटांतील इतिहासाचीं पुस्तकें काढलीं, आणि वढु बुद्रुकची समाधि पाहावयास चला म्हणून तो माझ्या मागें लागला. एकच चित्रपट एकाच रांगेंत बसून दोघांनीं पाहिला. एकाची जिज्ञासा जागी झाली, तर दुसऱ्याची झोंप उडाली.

आपली चूक उमगल्यावर मीं या वयोगटांच्या प्रकरणाचा थोडा अभ्यास केला. तो सुज्ञ वाचकांपुढें ठेवितों.

आपल्या देशांत चित्रपटांच्या तपासणीचा कायदा १९१८ सालीं झाला व १९२० मध्यें मुंबईस तपासणी मंडळ आलें. त्या काळच्या परीक्षकांना चिंता होती ती मुलांपेक्षां सरकारची अधिक. प्रभात कंपनीनें १९३० च्या सुमारास शिवछत्रपतींवर मूकपट काढला. त्याचें ‘स्वराज्याचें तोरण’ हें नांव खपलें नाहीं, आणि तो ‘उदयकाल’ या नांवानें दाखवावा लागला. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या दुरुस्तीनें सर्वांसाठीं ‘यू’ व केवळ प्रौढांसाठीं ‘ए’ असे दोन वर्ग झाले. १९५२ मध्यें नवा कायदा आला. १९८३ मध्यें बारा वर्षांखालील मुलांच्या बाबतींत वडीलधाऱ्यांचें मार्गदर्शन सुचविणारा ‘यूए’ हा मधला वर्ग निघाला, आणि त्याच वर्षीं मंडळाच्या नांवांतील ‘सेन्सॉर’ जाऊन ‘प्रमाणन’ आलें. २०२३ च्या दुरुस्तीनें या मधल्या वर्गाचे ७+, १३+ व १६+ असे तीन भाग पडले.

येथें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली अक्षरांची. प्रमाणपत्रावरील देवनागरी ‘अ’ म्हणजे अनिर्बंधित, आणि ‘व’ म्हणजे वयस्क. इंग्रजी ‘ए’ चा तो ‘अ’ नव्हे. अर्थ अगदीं उलट. दुसरी अधिक महत्त्वाची. ‘ए’ वर्गाच्या चित्रपटास अठरा वर्षांखालील मुलास दारावरच अडविलें पाहिजे. परंतु ‘यूए’ च्या वयाचा अंमल आईबाप किंवा पालक यांच्याखेरीज कोणींहि करावयाचा नाहीं, असें कायद्यानेंच म्हटलें आहे. म्हणजे पुण्याच्या त्या चित्रपटगृहांत माझ्या नातवास कोणीं अडविलें नाहीं, हा द्वारपालाचा दोष नव्हता. द्वारपाल मीच होतों.

आमच्या शास्त्रकारांना ही कल्पना नवी नाहीं. ग्रंथारंभीं विषय व प्रयोजन सांगतांना अधिकारी कोण हेंहि सांगण्याची चाल आहे. अधिकार नसणें म्हणजे कमीपणा नव्हे. वेळ अद्याप यावयाची आहे, इतकाच त्याचा अर्थ. भरतमुनींनींहि युद्ध, राज्यनाश व मरण हीं रंगभूमीवर प्रत्यक्ष न दाखवितां प्रवेशकानें सुचवावीं, असें सांगितलें आहे.

कोणी म्हणेल, “आपल्या लहानपणीं जत्रेंतल्या तंबूंत पाहिलेल्या सिनेमाला कोणीं वय विचारलें होतें?” खरें आहे. परंतु तो योग वर्षांतून एकदोनदां येई. शेजारीं आजी बसलेली असे, आणि कथा बहुधा कीर्तनांत आधींच ऐकलेली असे. आज तोच पडदा मुलाच्या मुठींत आहे, आणि तें एकटेंच पांघरुणांत शिरून पाहतें. इंटरनेटवरून घरीं दिसणाऱ्या चित्रपटांनाहि २०२१ च्या नियमांनीं हेच वयोगट लागू झाले आहेत, व १३+ पासून पुढें कुलुपाची सोय ठेविली आहे. पण कुलूप आपोआप लागत नाहीं. किल्ली घरांतल्या कोणीतरी हातीं घ्यावी लागते.

आमच्या घरीं आतां असा प्रघात पडला आहे, कीं चित्रपटास निघण्यापूर्वीं प्रमाणपत्राचा वर्ग सर्वांसमक्ष मोठ्यानें वाचावयाचा. वयांत न बसणाऱ्या मुलाबरोबर एका वडील माणसानें मागें राहावयाचें, आणि तो मान बहुधा माझा असतो. सूनबाईंनीं शंका काढली, तर ती पुरती ऐकून घ्यावयाची, हा नियम मीं स्वतःपुरता केला आहे.

धाकट्याचा प्रश्न मात्र माझ्याकडे शिल्लक आहे. तो मोठा झाला, म्हणजे वढूस समाधीपाशीं बसून त्याचें उत्तर देण्याचें मीं कबूल केलें आहे. तोंवर आम्ही दोघे रविवारीं शिवनेरी चढतों, आणि मी त्याला बाळ शिवबाच्या गोष्टी सांगतों.